घागरीतली हवा

नाशिकमध्ये कुणाला पत्ता सांगताना आपण देवळांची नावे जितकी घेतो तितकीच कारखान्यांचीही घेतो, हे बाहेरगावच्या पाहुण्यांनी लक्षात आणून देईपर्यंत मला कधी जाणवले नव्हते. मायको सर्कल, एबीबी सर्कल, महिंद्रा सर्कल, अंबडच्या बाजूला गरवारे पॉइंट आणि एक्स्लो पॉइंट. रिक्षावाल्याला या नावांपलीकडे काही सांगावे लागत नाही. मायको कंपनीचे नाव २००८ साली बॉश झाले, फाटकावरची पाटी बदलली, पण चौक मायकोचाच राहिला. कारखान्याच्या नावाचा चौक होतो तेव्हा तो कारखाना गावाचा झाला असे आपण समजतो. कारखाना मात्र गावाचा होत नसतो. तो काही कारणांनी येतो, आणि ती कारणे टिकेपर्यंत राहतो. ही कारणे कोणती, हा प्रश्न माझ्या मागे शाळेपासून लागलेला आहे.

माझ्या वडिलांची सातपूरला एक लहानशी शेड होती. दोन लेथ, एक ड्रिल मशीन, कोपऱ्यात ग्राइंडर, आणि दारातच कूलंटचा तो किंचित आंबूस वास, जो बाबांच्या शर्टाला रविवारीही असायचा. शाळेच्या भूगोलात उद्योगांच्या स्थाननिश्चितीचे घटक होते: कच्चा माल, पाणी, वीज, मजूर, वाहतूक आणि बाजारपेठ. ते मी पाठ केले आणि मग माझ्याच गावाला लावून पाहिले, तर हिशेब जुळेना. नाशिकजवळ लोखंडाची खाण नाही, कोळसा नाही, बंदर नाही. समोर सह्याद्रीची भिंत उभी. मग ही सगळी धडधड इथे कशासाठी? मी बाबांना विचारले तेव्हा ते एका रॉडचे फेसिंग करत होते. त्यांनी मशीन थांबवलेही नाही. "आजोबांना विचार," ते म्हणाले, "त्यांच्याकडे तांबे तरी कुठे होते?"

आजोबांचे आयुष्य तांबट आळीत गेले. भल्या सकाळी सुरू होणारी ती ठोक्यांची लय ज्यांनी ऐकली आहे त्यांना तिचे वर्णन करून सांगायला नको, आणि ज्यांनी ऐकली नाही त्यांना ते करून उपयोग नाही. नाशिक तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी शतकभराहून अधिक काळ प्रसिद्ध होते, आणि नाशिक जिल्ह्यात तांब्याची खाण कधीच नव्हती. पत्रे येत मुंबईहून, तेही बहुतेक समुद्रापलीकडून आलेले. मी माझा प्रश्न आजोबांपुढे ठेवला तेव्हा त्यांनी एक घागर उचलली, तिच्या तोंडात हात घातला आणि विचारले, "यात काय आहे?" मी म्हटले, काही नाही. "हवा आहे. पत्र्याची गुंडाळी मुंबईहून आणली तर गाडीत पाचशे घागरींचे तांबे मावते. घागरीच करून आणल्या तर पन्नास मावतील की नाही शंका. पातेली एकात एक बसतात, घागरीचे तोंड अरुंद, ती बसत नाही. मग हवा वाहून कोण नेणार? पत्रा आणायचा आणि घागर गिऱ्हाइकाच्या दारात ठोकायची."

आणि गिऱ्हाईक होते. रामकुंडावर येणारा यात्रेकरू गंगेचे पाणी घरी न्यायला तांब्याचा गडू घेई (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो), लग्नकार्याची भांडी घ्यायला खेड्यांतून गाड्या येत, आणि सिंहस्थाच्या वर्षी तर तांबटांना झोप नसे. शिवाय येणारा माणूस जुने भांडे मोडीत घाली. म्हणजे कच्च्या मालाचा मोठा वाटा गिऱ्हाईकच डोक्यावर घेऊन येई, आणि बाजारपेठ हीच खाण होई. पुढे पुस्तकांत वाचले तेव्हा समजले की तयार होताना ज्या मालाचे वजन किंवा आकारमान वाढते तो बाजाराजवळ तयार होतो, आणि ज्याचे घटते तो कच्च्या मालाजवळ. जर्मन अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेबर यांनी १९०९ साली याचा नीट सिद्धान्त मांडला होता. आजोबांनी तो न वाचता घागरीत हात घालून सांगितला. आज सातपूर-गोंदे पट्ट्यात सुटकेसचे कारखाने आहेत. त्यांच्या ट्रकांमागून घाटात रखडताना मला दर वेळी ती घागर आठवते. सुटकेस म्हणजे तरी दुसरे काय, चाके लावलेली हवा.

वजन घटणाऱ्या मालाचे उदाहरण शोधायला तर आम्हाला जिल्ह्याबाहेर जावेच लागत नाही. शंभर किलो ऊस गाळला की दहा-अकरा किलो साखर हाती येते. बाकीचा चोथा आणि पाणी लांबवर वाहून नेण्यात अर्थ नाही. त्यात ऊस तोडला की तासागणिक त्याची गोडी उतरू लागते. म्हणून निफाड, पळसे, रानवड इथले साखर कारखाने उसाच्या फडांत उभे राहिले, शहरात नाहीत. द्राक्षाचेही तसेच. १९९९ साली सुला कंपनीने गंगापूरच्या बाजूला वाइनरी काढली आणि मागोमाग अनेकांनी काढल्या. वाइनचा शौकीन मुंबईत असला तरी वाइनरी मुंबईत निघत नाही, कारण द्राक्ष चिरडण्यापूर्वी त्याला प्रवास सोसत नाही. बाटलीला मात्र सोसतो.

याच तराजूवर एक मोठा कारखाना महाराष्ट्राच्या हातून निसटला, आणि ती हकिगत मला नेहमी खुणावते. जमशेटजी टाटांच्या मनात पोलाद आले ते चांदा जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, लोखंडाविषयीचा १८८२ सालचा एक अहवाल वाचून. लोहारा येथे उत्तम खनिज होते आणि जवळच वरोऱ्याला कोळसा होता. पण वरोऱ्याचा कोळसा भट्टीला चालण्यासारखा निघाला नाही. पुढे प्रमथनाथ बोस यांनी मयूरभंजच्या गुरुमहिसानीकडे बोट दाखवले, झरियाचा कोळसा त्या बाजूला होता, सुवर्णरेखा आणि खरकाई यांच्या संगमावर पाणी होते, आणि रेल्वेचे कालीमाटी स्टेशन जवळ होते. १९०७ साली कंपनी स्थापन झाली आणि साकची नावाच्या खेड्याचे जमशेदपूर झाले. कोळसा जरा बरा निघता तर विदर्भाचा इतिहास कोणत्या वळणाने गेला असता याचा विचार करण्यात अर्थ नाही, तरी मी तो करतो.

कारखाना ही चीजच मुळात वाहत्या पाण्यावर जन्मली. रिचर्ड आर्कराइटने १७७१ साली इंग्लंडात क्रॉमफर्डला सूतगिरणी काढली ती डरवेंट नदीच्या काठी, कारण चाते फिरवायला पाणचक्की लागे. नदी जिथे धावे तिथे गिरणी, आणि मजूर तिथे नेऊन वसवायचे. वाफेचे इंजिन त्याआधीपासून होते, पण न्यूकॉमेनचे ते जुने इंजिन इतका कोळसा खाई की ते कोळशाच्या खाणीच्या तोंडाशीच परवडे. बाहेर न्यायची सोय नव्हती. जेम्स वॉटने १७६९ साली पेटंट घेतलेल्या सुधारणेने इंजिनाची भूक बरीच कमी केली, आणि पुढे त्याच्या इंजिनाने चाक फिरवता येऊ लागले, तेव्हा गिरणी नदी सोडून मँचेस्टरसारख्या शहरात जाऊ शकली. यंत्र जितके कमी खाऊ लागते तितके ते आपल्या दाण्यापाण्यापासून लांब जाऊ शकते. जनावराचाही न्याय हाच. विजेने तर ही दावण पुरतीच तोडली. १९१५ साली टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि घाटातले पाणी तारेतून मुंबईच्या गिरण्यांत पोचले. आमच्या एकलहऱ्याला १९७० पासून वीज तयार होते, तिचा कोळसा विदर्भाकडून वाघिणींत येतो. पण बाबांच्या लेथला तो कोळसा कधी पाहावा लागला नाही. भिंतीवरचा बोर्ड, एक स्विच, आणि महिनाअखेरीस बिल.

इंग्लंडला हे सगळे स्वतःपुरते ठेवायचे होते. कसबी कारागिराने देश सोडायचा नाही, यंत्रे बाहेर न्यायची नाहीत, असे कायदेच होते. सॅम्युएल स्लेटर नावाच्या तरुणाने १७८९ साली तो कायदा मोडला. कागदाचा कपटाही न घेता, आर्कराइटच्या पद्धतीची यंत्ररचना डोक्यात साठवून तो अमेरिकेला गेला आणि पॉटकेटला त्याने ती पुन्हा उभी केली. बेल्जियमला ही विद्या विल्यम कॉकरिल या इंग्रज कारागिराने नेली. जपान सरकारने १८७२ साली तोमिओकाला रेशीम गिरणी काढली तेव्हा फ्रान्सहून यंत्रे आणि शिकवणारी माणसे दोन्ही आणली. औद्योगिकीकरण पसरले असे आपण म्हणतो, जणू काही ते पाण्यासारखे आपोआप उताराने वाहत गेले. प्रत्यक्षात ते माणसांच्या डोक्यांतून आणि हातांतून एकेका ठिकाणी पोचवले गेले. यंत्रांच्या निर्यातीवरची बंदी इंग्लंडने १८४३ साली उठवली, आणि १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत कापडगिरणीची कंपनी काढली. या दोन सालांतले अंतर पाहिले की कायदा केवढी मोठी भिंत असू शकतो ते कळते. मुंबईकडे कोळसा नव्हता, यंत्रे नव्हती; दोन्ही बोटीतून विलायतेहून आली. मुंबईकडे होते बंदर, कापसाच्या व्यापारात साठलेला पैसा, आणि पोटासाठी कोकणातून येणारी माणसे.

मुंबईची ही ऊब घाट चढून आमच्याकडे यायला मात्र बरीच वर्षे लागली. थळ घाटातून इगतपुरीपर्यंत रेल्वे १८६५ साली चढली. कसाऱ्यापुढचा चढ इतका खडा, सदतीस फुटांना एक फूट, की आजही मागून बँकर इंजिने लावून गाड्या ढकलाव्या लागतात. नाशिकला स्टेशन मिळाले तेही गावापासून आठ-नऊ किलोमीटरवर. १८८९ मध्ये स्टेशनापासून गावापर्यंत घोड्यांची ट्राम सुरू झाली. तिच्याविषयी आजोबा असे बोलत जणू ती कालच बंद पडली आहे. गाव एकीकडे आणि स्टेशन एकीकडे, त्यामुळे पहिला मोठा सरकारी कारखाना गावात न येता स्टेशनापाशी आला. तोवर भारताची टपाल तिकिटे लंडनला छापली जात. १९२५ मध्ये नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस सुरू झाली आणि १९२८ मध्ये नोटांची छपाई. छापखान्याला खनिज लागत नाही. त्याला लागतो कागद, आणि कागदाला लागते कोरडी हवा; दमट हवेत तो फुगतो आणि एका रंगावर दुसरा रंग नेमका बसत नाही. मुंबईपासून एका रात्रीच्या आतले अंतर, दारात रेल्वे, आणि मुंबईचा दमटपणा नाही. आजोबांची हवा घागरीत होती, ही दुसरी हवा गावावर पसरलेली होती, आणि तिचाही भाव आला.

तिसरी हवा राजकारणाची. १९६२ च्या चीन युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि १९६३ मध्ये नाशिक मतदारसंघातून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. १९६४ मध्ये ओझरला मिग विमानांचा कारखाना आला. नाशिककर तो यशवंतरावांची भेट मानतात, आणि मलाही तसेच मानायला आवडते. पण मिगसाठी सोव्हिएत संघाशी झालेल्या याच करारातली इंजिने ओडिशात कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, अशी वाटणी झाली होती, हे विसरून चालणार नाही. वेबरच्या तराजूने पाहिले तर एकाच विमानाचे तीन भाग तीन राज्यांत करणे हा वेडेपणा आहे. संरक्षण खात्याच्या तराजूत सीमेपासूनचे अंतर आणि राज्याराज्यांचे समाधान ही वजने होती. २०२५ च्या सप्टेंबरात मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झाले आणि पुढच्याच महिन्यात ओझरच्या धावपट्टीवरून इथे जुळवलेले पहिले तेजस एमके-१ए उडाले. विमान बदलले, धावपट्टी आणि रिव्हेट मारणारे हात तेच.

सातपूरची गोष्ट याच वर्षांतली. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली एमआयडीसी, स्थापन झाली. शेतजमीन घ्यायची, रस्ते, पाणी, वीज आणून प्लॉट पाडायचे, आणि कारखानदाराला म्हणायचे की बस. १९६४ पासून राज्याने मुंबई-ठाणे-पुण्याच्या गर्दीबाहेर जाणाऱ्यांना सवलती देऊ केल्या. गोदावरीवर गंगापूरचे धरण त्याच काळात पुरे झाले. पाठ केलेल्या घटकांपैकी पाणी, वीज आणि वाहतूक अशा रीतीने सरकारने हाताने आणून ठेवली. राहिला कच्चा माल, आणि तिथे एक गोष्ट घडली जी बाबांना अखेरपर्यंत माहीत नव्हती आणि मला समजली तेव्हा अंगावर आली.

१९५० च्या दशकात केंद्र सरकारने पोलाद आणि कोळसा यांच्या वाहतुकीचा खर्च देशभर समान केला. पोलाद भट्टीच्या दारात घ्या की हजार मैलांवर घ्या, भाव एकच. हेतू चांगला होता, उद्योग देशभर पसरावेत हा. परिणाम असा झाला की ज्या बिहारच्या पोटात लोखंड आणि कोळसा होता त्याचा एकमेव वरचष्मा कागदाच्या एका फटकाऱ्याने पुसला गेला. पोलाद सगळीकडे त्याच भावाने मिळणार असेल तर कारखानदार बाजाराजवळ, बंदराजवळ, मुंबईच्या ओट्याशी का येणार नाही? ही व्यवस्था १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चालली. बाबांच्या शेडमध्ये येणारी प्रत्येक सळई जिथून आली त्या मुलुखाने तिचे भाडे न बोलता भरले होते. पुढे त्याच मुलुखातली पोरे अंबडच्या शेडमध्ये हेल्पर म्हणून आली आणि "बाहेरची माणसे आली" म्हणून आपल्याकडे कुरकुर झाली, तेव्हा मला ती सळई आठवली आणि बोलणे सुचेना.

शेवटचा घटक मजूर. या शब्दात जे दडले आहे ते भूगोलाच्या पुस्तकाला पेलले नाही असे माझे मत आहे. मायको नाशिकमध्ये डिझेल इंजिनात इंधन फवारणारी नोझल करी. नोझलमधली सुई आणि तिचे घर यांच्यातली फट मायक्रॉनमध्ये मोजायची असते. माणसाचा केस त्या हिशेबाने ओंडका. असे काम करणाऱ्या कंपनीला बाहेरून जॉबवर्क करून देणारे लागतात, आणि जॉबवर्क करून देता देता गावात मोजमापाची एक जात तयार होते. आयटीआयमधून आलेला पोरगा दोन वर्षांत बोटाच्या पेराने फरक ओळखू लागतो. बाबांनी स्वतः नोकरी केली, मग एक जुना लेथ विकत घेतला, मग दुसरा. त्यांच्या हाताखालचा मुलगा पुढे स्वतःची शेड काढून बसला, आणि बाबांना त्याचा राग येण्याऐवजी अभिमान वाटला. माप बरोबर की चूक ते तपासायचे गो-नोगो गेज हरवले तर शेजारच्या शेडमधून मागून आणायचे, चकची जबडी झिजली तर पलीकडच्या गल्लीत एक गृहस्थ होते, हीट ट्रीटमेंट चौथ्या प्लॉटवर. आल्फ्रेड मार्शल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८९० मध्ये लिहून ठेवले आहे की एखादा धंदा एका जागी दीर्घकाळ राहिला की त्याची गुपिते गुपिते राहत नाहीत, ती हवेत भिनतात आणि मुले ती नकळत शिकतात. ही चौथी हवा. ती मात्र घाटाखाली वाहून नेता येत नाही.

पण कारखान्याला नेता येते. सवलतीची मुदत संपली, तालुक्यांची वर्गवारी बदलली, महापालिकेच्या हद्दीत जकात जाचू लागली, की नवीन प्लॉट हद्दीबाहेर सिन्नरला, दिंडोरीला, गोंद्याला घेतले जात. बाबांना अठरा वर्षे काम देणाऱ्या एका कंपनीने तो भाग दुसऱ्या राज्यातल्या आपल्या नव्या प्लांटजवळ करून घ्यायचे ठरवले. पत्र दोन ओळींचे होते. बाबांच्या कामात खोट नव्हती, भावातही नव्हती. त्यांचे घर चुकीच्या गावी होते, एवढेच. त्यांनी ते पत्र फाइलला लावले, त्याला क्रमांक दिला, आणि दुसऱ्या दिवशी लेथला तेल घालून ठेवले.

ते गेल्यानंतर शेड आवरायची पाळी माझ्यावर आली. सिन्नरजवळ मुसळगावला नवीन शेड काढणारे एक तरुण गृहस्थ लेथ बघायला आले. समृद्धी महामार्ग सिन्नरवरून गेल्यामुळे आता मुंबई कशी दारात आली आहे, हे ते मला उत्साहाने सांगत होते. घाटाचा, बँकर इंजिनांचा त्यांच्या हिशेबात कुठे उल्लेख नव्हता. त्यांनी लेथच्या बेडवर नख फिरवून पाहिले, चक हाताने फिरवला, भाव केला आणि टेम्पो बोलावला. लेथ दोरांनी बांधून झाला तेव्हा त्यांनी विचारले, "दादा, मशीन झाले, पण यावर बसणारा कुणी आहे का? सिन्नरला पोरे आहेत, पण हात असलेला माणूस मिळत नाही."

मी त्यांना सातपूर कॉलनीतला एक पत्ता दिला. बाबांकडे बावीस वर्षे टर्नर असलेले भाऊकाका तिथे राहतात. गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा काकू म्हणाल्या की ते घरी नाहीत, पहाटे साडेपाचला डबा घेऊन सिन्नरच्या गाडीने जातात, आणि संध्याकाळी परत आले की दोन पोरांना ओट्यावर बसवून व्हर्नियर धरायला शिकवतात.